संगीतरचनेच्या संगणक-प्रणालींतील प्राचलांचे स्वयंचलन : महाराष्ट्रातील स्वरलेखनाच्या इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

संगणकावर संगीतरचना करण्यासाठी ज्या प्रणाली वापरल्या जातात, त्यांत ध्वनीची उंची, पातळी, पोत इत्यादी घटकांमध्ये काळानुसार होणारा बदल रेषेच्या रूपाने लिहून ठेवण्याची सोय असते. तिला ‘ऑटोमेशन’ म्हणजेच प्राचलांचे स्वयंचलन असे म्हणतात. प्रस्तुत शोधनिबंधात या सोयीकडे तांत्रिक सुधारणा म्हणून न पाहता स्वरलेखनाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहिले आहे. पलुसकर व भातखंडे यांच्या स्वरलिपी, देवल व क्लेमेंट्स यांचे श्रुतिमापन, आकाशवाणीवरील हार्मोनियमबंदी, मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील संशोधन, ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली आणि बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे ध्वनिमुद्रित झालेल्या जात्यावरच्या ओव्या या क्रमाने विषयाची मांडणी केली आहे. स्वयंचलनाच्या रेषेत ‘नोंद’ आणि ‘आज्ञा’ या दोन भिन्न गोष्टी एकत्र येतात व त्यामुळे लोकसंगीताच्या जतनाचा प्रश्न नव्याने उभा राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्राचल, स्वयंचलन, स्वरलिपी, मींड, श्रुती, मिडी, बोल प्रोसेसर, ओवी.

१. प्रस्तावना

भारतीय संगीताचा सुज्ञ श्रोता स्वर ऐकतो, त्याचबरोबर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाण्याची वाटही ऐकतो. दरबारी कानड्याचा कोमल गंधार एका जागी ठेवून दिला तर दरबारी उभा राहत नाही; तो गंधार आंदोलित व्हावा लागतो. मींड, कण, गमक, आंदोलन या संज्ञा स्वरांची स्थाने सांगत नाहीत, स्वरांची हालचाल सांगतात. ही हालचाल कागदावर कशी उतरवावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातील संगीतविचारापुढे उभा आहे.

आज घाटनांदूरसारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईलवरही संगीतरचनेची एखादी प्रणाली चालू शकते. भजनी मंडळात पेटी वाजवणारा विद्यार्थी त्याच बोटांनी पडद्यावर रेषा ओढून आवाज चढवू-उतरवू शकतो. मात्र ही रेषा नेमकी काय आहे, ती कोठून आली आणि आपल्या संगीतातील जुन्या प्रश्नाशी तिचा काय संबंध आहे, याची मांडणी मराठीत फारशी आढळत नाही. ती करण्याचा हा प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे, गृहीतक व संशोधनपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) प्राचलांच्या स्वयंचलनाची संकल्पना स्पष्ट करणे, (२) महाराष्ट्रातील स्वरलेखन व स्वरमापनाच्या प्रयत्नांशी तिचा असलेला संबंध तपासणे, (३) लोकसंगीताचे जतन व महाविद्यालयीन अध्यापन या दृष्टीने तिच्या परिणामांचा विचार करणे.

‘स्वयंचलनाची रेषा ही स्वरलेखनाचीच एक पद्धत आहे’ हे गृहीतक स्वीकारले असून त्याच्या तपासणीसाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुलनेसाठी अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगर यांनी १९५८ साली मांडलेला भेद उपयुक्त ठरतो. संगीत कसे करावे हे सांगणारे लेखन आणि संगीत प्रत्यक्षात कसे झाले हे सांगणारे लेखन, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. येथे त्यांना अनुक्रमे ‘आज्ञालेखन’ आणि ‘नोंदलेखन’ असे म्हटले आहे.

३. स्वयंचलन : संकल्पनेचे स्पष्टीकरण

ज्या राशीचे मूल्य बदलले असता ध्वनी बदलतो, ती राशी म्हणजे प्राचल. आवाजाची पातळी, डाव्या-उजव्या बाजूचे स्थान, स्वराची उंची, गाळणीची सीमा, प्रतिध्वनीचे प्रमाण ही प्राचलांची उदाहरणे होत. ध्वनिमुद्रणगृहात मिश्रणाचे काम हाताने होत असे, तेव्हा गाणे चालू असताना या मूल्यांत बदल करण्यासाठी तंत्रज्ञाचा हात सरकपट्टीवर असावा लागे. काम गुंतागुंतीचे असेल तर दोन-तीन माणसे एकाच मेजावर वाकून उभी राहत आणि एखाद्याचा हात चुकला तर सर्व काम पुन्हा करावे लागे. १९७० च्या दशकात सरकपट्ट्यांच्या हालचाली साठवून पुन्हा जशाच्या तशा घडवून आणणाऱ्या यंत्रणा मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत आल्या. आजच्या संगणक-प्रणालींतील ‘रीड’, ‘राइट’, ‘टच’ आणि ‘लॅच’ ही नावे त्याच परंपरेतून आलेली आहेत. ‘राइट’ अवस्थेत हाताची हालचाल नोंदली जाते. ‘रीड’ अवस्थेत नोंदलेली हालचाल यंत्र स्वतः पार पाडते. ‘टच’मध्ये हात उचलताच पट्टी जुन्या नोंदीकडे परतते, तर ‘लॅच’मध्ये ती सोडल्या जागीच राहते.

पडद्यावर ही नोंद आडव्या काळरेषेवर, बिंदू जोडणाऱ्या रेषेच्या स्वरूपात दिसते. कोणताही बिंदू उचलून वर-खाली करता येतो, दोन बिंदूंमधील सरळ रेषा वक्र करता येते. ‘एफएल स्टुडिओ’, ‘क्युबेस’, ‘लॉजिक’, ‘एबलटन लाइव्ह’, ‘रीपर’ या प्रणालींत मांडणी वेगवेगळी असली तरी तत्त्व एकच आहे. प्रत्येक प्राचलाचे मूल्य हे काळाचे फल मानले जाते.

या कल्पनेचे मूळ ध्वनिमुद्रणगृहाइतकेच संगणकशास्त्रातही आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून ध्वनी निर्माण करून घेतला. त्यानंतर त्यांनी व एफ. रिचर्ड मूर यांनी विकसित केलेल्या ‘ग्रूव्ह’ या प्रणालीचा परिचय १९७० साली प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या शीर्षकातच, काळानुसार बदलणारी फले रचणे, साठवणे व संपादित करणे हे तिचे कार्य सांगितले होते. स्वयंचलनाची याहून नेमकी व्याख्या आजही करता येणार नाही. पुढे १९७७ साली पॅरिसमध्ये संगीतकार यानिस झेनाकिस यांच्या ‘युपिक’ या यंत्रणेने रेखाफलकावर काढलेल्या रेषेचे थेट ध्वनीत रूपांतर करून दाखविले.

४. स्वरलिपी : वाट गुरूकडे सोपविणारे लेखन

महाराष्ट्रातील स्वरलेखनाचा विचार पं. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) आणि पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्यापासून करणे क्रमप्राप्त आहे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि सामुदायिक अध्यापनासाठी स्वरलिपी वापरली. भातखंडे यांनी आपल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्यांमधील बंदिशी स्वरलिपीबद्ध करून प्रसिद्ध केल्या. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेषा, तीव्र मध्यमावर उभी रेषा, सप्तकासाठी बिंदू, मात्रेसाठी खालचा अर्धचंद्र, कणासाठी स्वराच्या डोक्यावर लहान अक्षर आणि मींडेसाठी स्वरांवरून जाणारी कमान अशी चिन्हे आहेत.

यातील मींडेची कमान आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती दोन स्वर जोडून घ्यावयाचे आहेत एवढेच सांगते. मींड किती वेळात घ्यावी, मधल्या कोणत्या जागी रेंगाळावे, प्रारंभी संथ जाऊन अखेरीस वेग घ्यावा की उलट करावे, याविषयी ती काहीही सांगत नाही. ती लिपीची उणीव मानणे योग्य होणार नाही. लिपी ही स्मरणासाठी आहे आणि वाट गुरुमुखातून शिकावयाची आहे, अशी श्रमविभागणी त्यामागे गृहीत होती. सीगर यांच्या परिभाषेत बोलायचे तर हे आज्ञालेखन आहे. परंतु आज्ञेचा निम्मा भाग जाणीवपूर्वक कोरा ठेवलेला आहे.

५. श्रुतिमापन आणि पेटीचा वाद

याच सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी स्वरांच्या कंपनसंख्यांचे गणित मांडून बावीस श्रुतींची निश्चित स्थाने ठरविण्याचा प्रयत्न केला व १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना या कामी सहकार्य लाभले. सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी देवलांच्या सिद्धांताचा पुरस्कार केला आणि त्यानुसार श्रुती-हार्मोनियम तयार करून घेण्यात आली. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हा विषय चर्चेला आला. भातखंडे यांना ही मांडणी मान्य नव्हती. प्रचलित संगीताची व्यवस्था बारा स्वरांवर लावणे त्यांना अधिक व्यवहार्य वाटत होते.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती. स्वर म्हणजे स्थान. ती स्थाने बारा आहेत की बावीस, एवढाच प्रश्न होता. पेटीवरील पट्ट्या बारावरून बावीस केल्या तरी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना मधली जागा रिकामीच राहते. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर घातलेल्या बंदीच्या मुळाशी समस्वरित पट्ट्यांबरोबरच हाही आक्षेप होता : पेटीवर मींड निघत नाही. ही बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती उपलब्ध करून देणारी हार्मोनियम सिद्ध केली आहे. तीत वादकाला रागानुरूप श्रुती निवडता येते. त्यामुळे स्थानांच्या अचूकतेचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो. हालचालीच्या लेखनाचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

६. मापनातून उमटलेली रेषा

स्वर स्थिर नसतो हे यंत्राच्या साहाय्याने सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. नझीर अली जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या स्वरोच्चाराचे मापन केले. एकाच स्वराची उंची कलावंतागणिक तर बदलतेच, पण एकाच कलावंताच्या एकाच सादरीकरणातही बदलते, असे त्यांना आढळले. बावीस निश्चित स्थानांच्या कल्पनेला हा मोठा धक्का होता.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजेच एनसीपीए, या संस्थेत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी तयार केलेले ‘मेलोडिक मूव्हमेंट अॅनालायझर’ हे यंत्र वापरले गेले. त्याचे मराठी नाव ‘स्वरगतिविश्लेषक’ असे करता येईल. गायकाच्या आवाजातील मूळ कंपनसंख्या सतत मोजून तिचा आलेख काढणे हे त्याचे कार्य होते. डच अभ्यासक योप बोर आणि विम व्हान डर मेर यांचा या संशोधनात सहभाग होता.

आलेखावर आडवा काळ आणि उभी स्वराची उंची, अशी ही मांडणी होती. तिच्यात ‘स्वर’ हे रेषेचे काही काळ सपाट राहिलेले भाग म्हणून दिसत आणि मींड ही चढणारी वा उतरणारी वक्ररेषा म्हणून. भातखंडे यांच्या कमानीने जे कोरे सोडले होते, ते येथे भरलेले दिसले. मात्र हे शुद्ध नोंदलेखन होते. त्या आलेखावरून कोणी गाणार नव्हते.

७. मिडी : पट्टीच्या कल्पनेवर उभारलेली भाषा

दरम्यान जगभरातील इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी १९८३ साली ‘मिडी’ ही समान संकेतभाषा मिळाली. तिचा मूळ घटक म्हणजे ‘पट्टी दाबली’ आणि ‘पट्टी सोडली’ हे दोन संदेश होत. याचाच अर्थ, तिचा पाया पेटीचाच आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर घेतलेला आक्षेप या भाषेलाही लागू पडतो.

सतत बदलणाऱ्या राशींसाठी मिडीमध्ये स्वतंत्र संदेश आहेत. पातळी, स्थान, कंप इत्यादींसाठी बहुधा ० ते १२७ अशी १२८ मूल्ये वापरली जातात. स्वराची उंची वाकविण्यासाठी मात्र १६,३८४ मूल्यांची व्यवस्था आहे. ही उंची वाकविण्याची मर्यादा सामान्यतः वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर एवढीच ठेवलेली असते. षड्जावरून पंचमावर मींड घ्यावयाची तर सात अर्धस्वरांचे, म्हणजे ७०० सेंटचे अंतर कापावे लागते. त्यामुळे प्रथम ही मर्यादा वाढवून बारा अर्धस्वर करावी लागते. तसे केल्यावर दोन्ही दिशा मिळून २,४०० सेंटचा पल्ला १६,३८४ पायऱ्यांत विभागला जातो, म्हणजे एक पायरी सुमारे ०.१५ सेंटची होते. एवढी सूक्ष्म पायरी कानाला पायरी म्हणून जाणवत नाही. तात्पर्य, अडचण आकड्यांच्या सूक्ष्मतेची नाही.

अडचण आहे ती दोन ठिकाणी. पहिली अशी की, मूळ मिडीमध्ये उंची वाकविण्याचा संदेश संपूर्ण वाहिनीला लागू होतो. एकाच वाहिनीवर तानपुऱ्याचा षड्ज आणि गायकीची सुरावट ठेवली, तर मींड घेताना षड्जही सरकतो. एकल सुरावट स्वतंत्र वाहिनीवर ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय. प्रत्येक सुराला स्वतंत्र हालचाल देणारी ‘एमपीई’ ही व्यवस्था २०१८ साली अधिकृत झाली आणि २०२० साली ‘मिडी २.०’ स्वीकारण्यात आली. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वाकविण्याची रेषा कशी असावी, हे यंत्र सांगू शकत नाही. दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर जो ध्वनी येतो तो मींडेचा वाटत नाही, भोंग्याचा वाटतो. मधल्या स्वराला किंचित स्पर्श, अखेरच्या स्वराच्या अलीकडे थोडी घुटमळ, मग स्थिरता, हे सर्व बिंदू टाकणाऱ्याच्या कानातच असावे लागते.

८. हातातील खुंटी आणि चरणजित सिंग

रेषा साठविली जाण्यापूर्वीच्या काळाचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका तयार केली. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे ते राग होत. त्यासाठी त्यांनी ‘रोलँड’ या जपानी कंपनीचे ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे संच वापरले. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाल्यावर जगभरातील श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. सिंग यांचे २०१५ साली निधन झाले.

टीबी-३०३ या १९८१ साली बाजारात आलेल्या यंत्रात सुरांची माळ आधी साठवून ठेवता येते आणि एका सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जावयाचे की नाही, हेही प्रत्येक सुरासाठी ठरविता येते. ही खूण भातखंडे यांच्या कमानीशी विलक्षण साम्य दाखविते. दोन्हींमध्ये ‘जोडा’ एवढाच आदेश आहे. फरक असा की, कमानीचा अर्थ गुरू लावतो आणि ३०३ ची घसरण दर वेळी यंत्राच्या एकाच ठरीव चालीने होते. गाळणीच्या खुंट्यांची हालचाल तर हे यंत्र साठवीतच नाही. ती वाजविणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून राहते. सुरांची माळ स्मृतीत आणि पोताची हालचाल हातात, अशी ही विभागणी होती. स्वयंचलनाने पुढे हा हातही स्मृतीत नेला.

९. बोल प्रोसेसर : सतत, पायरी आणि स्थिर

बर्नार्ड बेल यांच्याकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी लखनौ येथे तबल्याचा अभ्यास करणारे जेम्स किपन यांच्यासमवेत त्यांनी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली विकसित केली. कायद्याचे नियम व्याकरणाप्रमाणे संगणकाला द्यावयाचे, त्याने त्यावरून पलटे रचावयाचे आणि ते योग्य की अयोग्य हे उस्तादांनी ठरवावयाचे, अशी ही पद्धत होती. यंत्राने रचावे आणि परंपरेच्या जाणकाराने निवाडा करावा, हा क्रम येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे ‘बीपी-२’ मध्ये, मिडीच्या प्राचलांचे नियंत्रण रचनेच्या मजकुरातच लिहिण्याची सोय आली. पातळीसारख्या प्राचलासाठी रचनाकार तीन प्रकारच्या आज्ञा देऊ शकतो. ‘सतत’ अशी आज्ञा दिल्यास एका मूल्यावरून दुसऱ्या मूल्यापर्यंत अखंड प्रवास होतो. ‘पायरी’ अशी आज्ञा दिल्यास प्रत्येक ध्वनिघटकाच्या आरंभी मूल्य बदलते. आणि ‘स्थिर’ अशी आज्ञा दिल्यास ते बदलतच नाही. मींड, पेटी आणि तानपुरा या तीन वाद्यस्वभावांचेच हे जणू संगणकीय वर्गीकरण आहे. पडद्यावर बिंदू ओढणाऱ्या आजच्या प्रणालींतही वक्र, पायरी आणि सपाट असे रेषेचे प्रकार आढळतात. बीपी-२ चे वैशिष्ट्य असे की तेथे हा निर्णय शब्दांत लिहावा लागतो, त्यामुळे तो विचारपूर्वक घेतला जातो.

मापन करणारे यंत्र घडविणारी आणि रचना करणारी प्रणाली घडविणारी व्यक्ती एकच आहे, ही बाब आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने बोलकी आहे. पहिल्यात रेषा नोंद म्हणून येते, दुसऱ्यात आज्ञा म्हणून. आजच्या स्वयंचलनात या दोन्ही रेषा एकरूप झालेल्या आहेत. ‘राइट’ अवस्थेत झालेली हाताची नोंद ‘रीड’ अवस्थेत लगेच आज्ञा बनते. भातखंडे यांच्या लिपीत किंवा एनसीपीएतील आलेखात असे घडत नव्हते. स्वरलेखनाच्या इतिहासातील स्वयंचलनाचे नावीन्य नेमके येथे आहे.

१०. माजलगावच्या ओव्या : नोंद आणि आज्ञा यांतील सीमारेषा

हे नावीन्य आपल्या जिल्ह्याच्या एका ठेव्याला थेट भिडते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील आपल्या सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बर्नार्ड बेल हेही या कामात सहभागी झाले व ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि संगणकीय सूचीकरण यांस चालना मिळाली. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीच्या ओव्यांना विशेष स्थान आहे. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ यांच्यामार्फत प्रकाशित होऊ लागला.

ओवी ही पेटीच्या आधाराने गायिली जात नाही. दळणारी स्त्री आपल्या श्वासाला आणि जात्याच्या फेऱ्याला मानवेल असा सूर धरते. ओळ पुढे सरकते तसा तो सूर किंचित चढतो वा उतरतो, दुसरी बाई ओळ उचलते तेव्हा तिच्या गळ्याप्रमाणे तो पुन्हा बसतो. लयही घड्याळाची नसते. खुंटा ओढताना आणि ढकलताना हाताला पडणाऱ्या श्रमाची असते. गिरणी आल्यानंतर दळण्याचे काम हातातून गेले आणि त्याबरोबर हे गाणे घडण्याचा प्रसंगही गेला. म्हणून अशी ध्वनिमुद्रणे हा या गायनाच्या चालीविषयीचा अमोल पुरावा ठरतो. शब्द वहीत उतरविता आले. चाल मात्र केवळ ध्वनीतच शिल्लक आहे.

आता या ठेव्यासमोर आजची प्रणाली ठेवून पाहू. १९९७ साली बाजारात आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ या प्रणालीने आणि तिच्यानंतरच्या तत्सम साधनांनी गायलेल्या स्वराची उंची मोजून ती जवळच्या ठरीव स्वराकडे ओढण्याची सोय केली. तत्त्वतः ही प्रक्रिया एनसीपीएतील यंत्राचे आणि स्वयंचलनाचे मीलन आहे. आधी आवाजाची रेषा नोंदली जाते, मग तिच्या जागी दुसरी रेषा आज्ञा म्हणून बसविली जाते. ती दुसरी रेषा कोणाच्या कानाने ठरविली, हा कळीचा प्रश्न आहे. बारा समस्वरित पट्ट्यांचा साचा निवडला आणि ओढण्याचा वेग अधिक ठेवला तर ओवीतील सुराचे सरकणे, चढणे, बसणे हे सर्व ‘चूक’ ठरून पुसले जाईल. लय ठरीव चौकटीत बसविली तर जात्याचा फेरा नाहीसा होईल. उरेल ते कर्णमधुर असेल. परंतु ते माजलगावचे नसेल.

येथे यंत्राला दोष देणे उचित ठरणार नाही. तेच स्वयंचलन ओवीच्या सेवेलाही लावता येते. मूळ ध्वनिमुद्रणातील उंचीची रेषा काढून ती पडद्यावर विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर दोन ओळींमधील सुराचा फरक डोळ्यांनी दाखविता येतो. तीच रेषा एखाद्या साध्या स्वरनादाला लावून ऐकविली, तर शब्दांविना केवळ चाल ऐकविता येते. लिपीला जे साध्य झाले नाही, ते येथे साध्य होते. अट एवढीच की, मूळ ध्वनी अबाधित राहिला पाहिजे आणि आज्ञेची रेषा त्याच्यापासून वेगळी साठविली पाहिजे. बहुतेक प्रणालींत स्वयंचलनाची रेषा मूळ ध्वनीला हात न लावता स्वतंत्रपणे राहते व केव्हाही काढून टाकता येते. अंतिम ध्वनिफीत तयार करताना मात्र ती ध्वनीत कायमची मुरते. नोंद आणि आज्ञा यांतील सीमारेषा पुसली जाण्याचा क्षण तो हाच होय.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) प्राचलांचे स्वयंचलन ही स्वरलेखनाचीच एक पद्धत असून स्वरांमधील हालचाल कशी लिहावी या जुन्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. त्यामुळे स्वीकारलेल्या गृहीतकाला पुष्टी मिळते.

(२) पलुसकर-भातखंडे यांच्या लिपींनी ही हालचाल गुरुमुखाकडे सोपविली, देवल-क्लेमेंट्स यांनी स्थानांच्या मापनावर भर दिला आणि एनसीपीएतील संशोधनाने हालचालीची नोंद केली. स्वयंचलनाने ही नोंदच आज्ञा म्हणून वापरात आणली.

(३) मिडीची मूळ रचना पट्टीच्या वाद्यावर आधारलेली असली तरी सूक्ष्मतेच्या दृष्टीने ती मींडेसाठी अपुरी नाही. रेषेचा आकार ठरविणारा कान हीच खरी मर्यादा आहे. म्हणून गुरुमुखाची गरज या तंत्राने कमी होत नाही.

(४) लिहिलेली मींड दर वेळी तशीच वाजते, तर गायिलेली मींड दर वेळी नव्याने घडते. हा फरक विसरल्यास परंपरेतील जिवंत अंश एका नमुन्यात गोठण्याचा धोका संभवतो.

(५) लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांवर उंची व लय यांची दुरुस्ती करणे म्हणजे पुराव्यात बदल करणे होय. इतिहासाचा अभ्यासक हस्तलिखितातील ओळ ‘शुद्ध’ करून मूळ पान नष्ट करीत नाही. ध्वनीच्या बाबतीतही तोच नियम पाळला पाहिजे.

१२. शिफारशी

महाविद्यालयीन स्तरावर पुढील उपाय योजता येतील. संगीताच्या अभ्यासक्रमात स्वरलिपीबरोबर स्वररेषेच्या वाचनाचा एक घटक असावा. त्यासाठी विनामूल्य प्रणाली पुरेशा आहेत. मराठी, इतिहास आणि संगीत या विभागांनी मिळून आपापल्या परिसरातील ओवी, भारूड, गोंधळ, पोवाडा यांचे ध्वनिमुद्रण करावे आणि मूळ प्रत कोणत्याही प्रक्रियेविना जतन करावी. प्रक्रिया केलेल्या प्रतीसोबत कोणते प्राचल, कोणी, कशासाठी बदलले याची लेखी नोंद असावी. तसेच ज्यांच्या गळ्यातून ही चाल आली, त्या गायिकांना दुरुस्त केलेली प्रत ऐकवून त्यांचे मत घ्यावे. लखनौच्या प्रयोगात यंत्राच्या रचनेवरील अखेरचा शब्द उस्तादांचा होता. ओवीच्या बाबतीत तो मान जातं ओढलेल्या बाईचा आहे. अशा गायिकांची पिढी आज वृद्धापकाळात असल्याने हे काम पुढील पंचवार्षिक आराखड्यासाठी राखून ठेवण्यासारखे नाही.